खिशात सापडेल असं एएसएन.१ : उदाहरणं हवी आहेत

महापे_रात्रपाळी (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

विषय जरा कोरडा आहे, पण इथे सीएपासून जहाजवाल्यांपर्यंत सगळे आहेत म्हणून इथेच विचारतो.

मी एकोणीस वर्षं टेलिकॉममध्ये आहे, त्यातली चौदा महाप्यात. काम काय, तर दोन वेगळ्या कंपन्यांनी बनवलेली यंत्रं एकमेकांशी जे बोलतात त्याचा नमुना वाचायचा आणि बोलणं फिसकटलं की चूक कुणाची ते शोधायचं. हा नमुना ज्या भाषेत लिहितात तिचं नाव एएसएन.१, उच्चार 'एएसएन वन'. १९८४ साली सीसीआयटीटीने, म्हणजे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या तेव्हाच्या मानक-समितीने, ती एक्स.४०९ या क्रमांकाखाली पहिल्यांदा छापली. आता ती एक्स.६८० मालिकेत आहे.

परवा टीममधला नवा मुलगा म्हणाला, "सर, हे अजून वापरतं कोण? जेसॉन आहे ना." (जेसॉन म्हणजे वेबवाल्यांची, साध्या मजकुरात डेटा लिहायची पद्धत.) मी काहीतरी ठोकून दिलं. मग घरी येताना ऐरोलीच्या सिग्नलला नेहमीप्रमाणे रुतून बसलो तेव्हा ध्यानात आलं की टेलिकॉमबाहेरचं एकही धड उदाहरण मला देता आलं नव्हतं.

आणि नेमकं येत्या शनिवारी एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे याच विषयावर तासभर बोलायचं कबूल करून बसलोय. टेलिकॉमचे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत, ते नकोत. पोरांच्या खिशात, पाकिटात, घरात सापडेल असं काही हवं. हातात धरून दाखवता आलं पाहिजे.

कुणाला ही वस्तू कुठे भेटलीये?

---

गायमुख_ते_माजिवडा · रात्री १०:१५

मी पयला! (बाकी काही कळलं नाही. पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

---

नौपाड्याची_सीए · रात्री १०:३१

नावसुद्धा पहिल्यांदा ऐकतेय. पण यंत्रांमधला नमुना म्हणाल तर आमचा जन्म त्यातच चाललाय. जीएसटीचं रिटर्न जेसॉनमध्ये, इन्कम टॅक्सचं जेसॉनमध्ये, टॅलीतून काढलं की एक्सएमएल, कंपन्यांचे ताळेबंद एक्सबीआरएलमध्ये. तेव्हा तुमचा तो मुलगा अगदीच चुकीचं बोलला असं मला तरी वाटत नाही. राग मानू नका.

---

सानपाडा_पहारेकरी · रात्री १०:५८

ताई, तुम्ही रोज वापरता. ड्रॉवरमध्ये रबरबँड लावून क्लायंटच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेली यूएसबी टोकनं आहेत ना? डिजिटल सहीची? त्यात जे प्रमाणपत्र असतं ते एक्स.५०९ नावाच्या ठरलेल्या नमुन्यात असतं, आणि तो अख्खा नमुना एएसएन.१ मध्ये लिहिलेला आहे. पोर्टल भले जेसॉन मागेल, खालची सही याच भाषेत होते.

बँकेची साइट उघडल्यावर ब्राउझर जे प्रमाणपत्र तपासतो तेही तसंच. म्हणजे रात्रपाळीवाले, पहिलं उदाहरण प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये आहे. साइट जेसॉन देते खरी, पण तो जेसॉन ज्या बंद नळीतून येतो तिचं दार एएसएन.१ ने उघडतं.

एक गंमत दाखवा त्यांना. कुठलंही प्रमाणपत्र मजकुराच्या रूपात नोटपॅडमध्ये उघडा. वरची 'बिगिन सर्टिफिकेट'ची ओळ सोडली की पुढची अक्षरं जवळजवळ नेहमी एम-आय-आय असतात. जगातल्या कुठल्याही कंपनीचं घ्या. कारण आतले पहिले दोन बाइट ३० ८२ असतात. ३० म्हणजे 'इथून एक सिक्वेन्स सुरू', ८२ म्हणजे 'पुढच्या दोन बाइटांत त्याची लांबी लिहिलीये'. हे बेस-६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) टाकलं की एम, आय बाहेर पडतात, आणि लांबी फार मोठी नसल्यामुळे तिसरं अक्षरही आयच येतं.

---

नौपाड्याची_सीए · रात्री ११:०४

अय्या! खरंच एमआयआय. आता तीन क्लायंटांची पाहिली, तिन्हीत तेच. मी इतकी वर्षं त्याला पेनड्राइव्ह म्हणत होते.

---

लोकलग्रस्त · रात्री ११:२०

आता कुणीतरी डबेवाल्यांच्या डब्यावरच्या खुणांचं उदाहरण देणार. पैज.

---

गायमुख_ते_माजिवडा · रात्री ११:२२

मी तेच टाइप करत होतो 😐

---

नमुना_सातबारा · सोमवार, सकाळी ७:४०

वरच्या चर्चेत एक घोळ होतोय, वेळीच निस्तरतो. एएसएन.१ म्हणजे बाइट नव्हेत. ती नमुना लिहायची पद्धत. बाइट कसे मांडायचे याचे नियम वेगळे : बीईआर, डीईआर, पीईआर, एक्सईआर वगैरे. सानपाड्याने दाखवलेलं ३० ८२ हे डीईआर आहे.

तलाठ्याकडचा गाव नमुना सात आठवा. भोगवटादाराचं नाव कुठल्या रकान्यात, क्षेत्र कुठे, आकार कुठे, हे ठरलेलं. तो नमुना. मग तो तलाठ्याने बोरूने भरला काय आणि संगणकावरून छापून आला काय, रकाने तेच. एएसएन.१ हा कोरा नमुना आणि बीईआर-डीईआर म्हणजे तो भरायच्या तऱ्हा. जेसॉनलाही भरायची तऱ्हाच म्हणावं लागेल. म्हणून तर एएसएन.१ मधला नमुना जेसॉनमध्ये भरायचेसुद्धा नियम आयटीयूने काढलेत, एक्स.६९७. 'हे की ते' हा वादच चुकीचा.

आणि बीईआर-डीईआर असे का दोन? बीईआरमध्ये एकच गोष्ट तीन-चार प्रकारे लिहिता येते. सही करायची तर तसं चालत नाही, बाइट एकाच रीतीने यायला हवेत, नाहीतर सही जुळायची नाही. म्हणून डीईआर.

---

पामबीच_पायलट · सकाळी ९:१५

मी विरोधी पक्ष.

काका, सातबाराचं उदाहरण छान, पण सातबाऱ्यावर किती भांडणं होतात तेही आठवा. एएसएन.१ चे स्वतःचे प्रताप कमी नाहीत. २००२ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या मंडळींनी एसएनएमपीला (नेटवर्कमधल्या यंत्रांवर लांबून नजर ठेवायची भाषा) मुद्दाम वेडेवाकडे संदेश पाठवून पाहिले, तर ढीगभर कंपन्यांचे राउटर आणि स्विच कोसळले. एसएनएमपी कशात लिहितात? बीईआरमध्ये. २००४ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या एएसएन.१ लायब्ररीसाठी तातडीचा दुरुस्ती-तुकडा काढावा लागला. कारण तेच, संदेशात लिहिलेल्या लांबीवर आंधळा विश्वास.

मी फिनटेकमध्ये आहे. आम्ही जेसॉन वापरतो, डोळ्यांनी वाचता येतो, कुठलाही ज्युनिअर दुरुस्त करतो. वेग हवा असेल तिथे गूगलचं प्रोटोबफ. ते तरी काय, प्रत्येक क्षेत्राला (म्हणजे रकान्याला) क्रमांक आणि बाइटांत मांडणी. तुमचीच जुनी दारू, पण बाटलीचं बूच नीट निघतं.

---

उलवे_उरण_फेरी · सकाळी ११:४८

आमच्याकडे एएसएन.१ नाही, त्याचा चुलतभाऊ आहे. मी न्हावा-शेवा बंदराच्या कामात आहे, जहाज कंपनीच्या एजंटकडे. आमची भाषा एडिफॅक्ट, आयएसओ ९७३५. जहाज बंदराला लागायच्या आधी त्याचा 'बॅपली' येतो, म्हणजे कुठला कंटेनर जहाजात कुठे ठेवलाय याची यादी. त्यातली एक ओळ अशी :

एलओसी+१४७+०१२०३८२::५'

०१२ ही बे (जहाजाच्या लांबीतली जागा), ०३ ही रो (रुंदीतली), ८२ हा टियर (उंचीतला थर). बे सम आकड्याची म्हणजे कंटेनर चाळीस फुटी. टियर ८२ म्हणजे डेकवरचा पहिला थर. शेवटची ती ' खूण दिसते ना? ओळ संपल्याची खूण. आता हिच्यापायी मी काय भोगलं ते ऐका.

आमच्या एका जुन्या प्रोग्राममधून माल घेणाऱ्याचं नाव जसंच्या तसं जायचं. एका दिवशी माल आला एका डिसूझांचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी, मग वर टिंबाची शेपटी, मग सूझा. म्हणजे डी'सूझा! समोरच्या सिस्टिमने डीनंतर ओळ संपली असं धरलं आणि 'सूझा' नावाचा नवा सेगमेंट शोधायला लागली. असा सेगमेंट जगात नाही. अख्खी फाइल परत. शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारपर्यंत कंटेनर तिथेच, आणि बिचारे डिसूझा मला फोन करून विचारतायत की माझ्या नावात काय खोट आहे.

इलाज एका चिन्हाचा होता : शेपटीच्या आधी प्रश्नचिन्ह लावायचं, डी?'सूझा. म्हणजे 'ही शेपटी नावातली, ओळ संपलेली नाही'. प्रोग्राम माझाच, त्यामुळे शिव्या कुणाला देणार?

---

सानपाडा_पहारेकरी · दुपारी १२:१०

@उलवे, बीईआरमध्ये हे होऊच शकत नाही. तिथे आधी सांगतात 'हा मजकूर आहे, सात बाइटांचा', आणि मग सात बाइट. आत शेपटी असो, प्रश्नचिन्ह असो, वाचणारा मोजून उचलतो. टॅग, लांबी, ऐवज. पाच हा आकडा म्हणजे ०२ ०१ ०५ : पूर्णांक, एक बाइट, पाच.

@पामबीच, तुमच्या जेसॉनमध्येही अवतरणचिन्हापुढे उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. डिसूझांना तिथेही पूर्ण सुटका नाही, त्यांच्या जागी दुसरा कुणी अडकतो एवढंच.

---

पामबीच_पायलट · दुपारी १२:१६

लांबी खरी असेल तर मोजून उचलतो. लांबी खोटी असेल तर २००४ होतं. 😊

---

वागळे_रोड_१६ · दुपारी १:३०

मी कार्डाच्या मशीनची देखभाल करतो. खिशातलं उदाहरण माझ्याकडून घ्या. डेबिट कार्डाची चिप आणि मशीन एकमेकांशी याच टॅग-लांबी-ऐवज पद्धतीने बोलतात. अडीचशे रुपयांची खरेदी केली की रक्कम अशी जाते :

९एफ०२ ०६ ०० ०० ०० ०२ ५० ००

९एफ०२ म्हणजे 'रक्कम', ०६ म्हणजे सहा बाइट, पुढे पैशांत पंचवीस हजार. चलन असं : ५एफ२ए ०२ ०३ ५६. रुपयाचा आकडा ३५६.

कार्डाची छापील पावती नीट बघा. बऱ्याचदा खाली एआयडी आणि टीव्हीआर असं काहीतरी लिहिलेलं असतं. एआयडी म्हणजे कार्ड कुठल्या योजनेचं ते सांगणारा क्रमांक; त्याच्या सुरुवातीला ए००००००५२४ दिसलं तर कार्ड रुपे. टीव्हीआर हा टॅग ९५, मशीनने काय काय तपासलं आणि कुठे शंका आली त्याची पाच बाइटांची नोंद. ग्राहक म्हणतो, "तुमचं मशीन खराब आहे", तेव्हा मी पहिल्यांदा तेच पाच बाइट वाचतो.

---

नमुना_सातबारा · दुपारी १:५२

माहिती उत्तम, पण तांत्रिक हरकत नोंदवतो. कार्डवाल्यांनी बीईआरची मांडणी घेतली आहे, नमुना मात्र त्यांनी एएसएन.१ भाषेत लिहिलेला नाही, तक्ते करून छापला आहे. निम्मे गुण.

---

वागळे_रोड_१६ · दुपारी १:५५

काका, निम्म्या गुणांत मी आयटीआय काढलाय. चालतील.

---

सानपाडा_पहारेकरी · दुपारी २:२०

३५६ वरून आठवलं. भारताचा आयएसओ क्रमांकही ३५६, म्हणून तो डिजिटल सहीतही सापडतो. एएसएन.१ मध्ये जगातल्या कुठल्याही गोष्टीला टिंबांनी जोडलेला क्रमांक देता येतो, एखाद्या वंशवृक्षासारखा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली जे सीसीए (प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचे नियंत्रक) कार्यालय आहे त्याचा क्रमांक २.१६.३५६.१००. म्हणजे आयएसओ-आयटीयूचं सामाईक खोड, त्याची देशांची फांदी, त्यात भारत, त्यात सीसीए. नौपाडावाल्या ताईंच्या प्रत्येक टोकनात हा आहे.

---

खारघर_टेकडी · संध्याकाळी ६:०५

मी वेगळ्याच गावची. जीवशास्त्रात संशोधन करते. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेने जेनबँकचा, म्हणजे डीएनए-क्रमांच्या कोठाराचा, डेटा ठेवायला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच एएसएन.१ निवडलं होतं आणि आजही तिथून रेकॉर्ड त्या रूपात उतरवून घेता येतो. टेलिकॉमवाल्यांची भाषा डीएनएपर्यंत पोचली ती अशी.

एमएस्सीला असताना त्यांच्या कागदपत्रात एक ओळ वाचली : बायोसेक, मग दोन अपूर्णविरामांपुढे बरोबरचं चिन्ह, मग मोठ्या अक्षरांत सिक्वेन्स. मला वाटलं, वा, काय सुटसुटीत व्याख्या, 'बायोसेक म्हणजे सिक्वेन्स'. परीक्षेच्या जर्नलमध्ये लिहूनही टाकली. ते सिक्वेन्स म्हणजे ए-टी-जी-सी नव्हे, एएसएन.१ मधला 'क्षेत्रांची क्रमवार यादी' हा शब्द आहे, हे दोन वर्षांनी कळलं. सरांनाही माहीत नसावं, कारण मार्क मिळाले.

---

लोकलग्रस्त · संध्याकाळी ७:५० (दादर, फलाट चार, उभा)

हे सगळं वाचून मला एकच कळलं : तुम्ही लोक रेल्वेच्या इंडिकेटरबद्दल बोलताय.

पहिला रकाना गाडी कुठली. ठाणे टी, कल्याण के, कसारा एन, आणि कर्जत एस. पुढे वेळ. मग फास्ट एफ, स्लो एस. म्हणजे एस कर्जतही आणि एस स्लोही! कुठल्या रकान्यात आहे त्यावर अर्थ. माझा नागपूरचा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा पहिल्या रकान्यातला एस बघून 'स्लो आहे' म्हणून चढला. उतरायचं भांडुपला, उतरला ठाण्याला. ती कर्जत फास्ट होती. वर मलाच म्हणतो, "लिहिलं होतं की एस!"

---

महापे_रात्रपाळी · संध्याकाळी ८:२०

लोकलग्रस्त, गंमत म्हणून लिहिलंत, पण हेच पीईआर आहे!

बीईआरमध्ये प्रत्येक ऐवजाला 'मी कोण' ही पाटी असते. पीईआरमध्ये पाट्या काढून टाकतात. कुठल्या जागी काय येणार ते नमुन्यावरून दोघांनाही माहीत असतं, मग पाटी कशाला? मोबाइल आणि टॉवर यांच्यातलं बोलणं असं चालतं. फोन टॉवरला पहिली विनंती करतो, 'मला जोडून घे', ती ४जीत आणि ५जीतही फक्त सहा बाइटांची. त्यात फोनची ओळख आणि कशासाठी जोडायचं त्याचं कारण, दोन्ही. @पामबीच, तुमच्या जेसॉनमध्ये 'एस्टॅब्लिशमेंट कॉज' हे क्षेत्राचं नाव लिहायलाच अठरा बाइट लागतील, प्रत्यक्ष कारण तर अजून पुढेच राहिलं. आणि इथे डेटा बाइटात नाही, बिटांत मोजतात. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस बिट, बरोब्बर.

पण पाट्या काढल्या की नमुना दोन्हीकडे एकच हवा. टेलिकॉमचे किस्से नकोत असं मीच म्हणालो होतो, तरी हा एक सांगतोच, कारण मेहुण्याचंच झालं तसं आमचं झालं.

आमच्या घरच्याच दोन सिस्टिमांमध्ये एक छोटा संदेश जायचा. पहिलं क्षेत्र कॉल किती सेकंद चालला, सोळा बिटांचं. टीमने त्यात एक नवं ऐच्छिक क्षेत्र टाकलं. टाकणारा मुलगा शहाणा, त्याने ते सगळ्यात शेवटी टाकलं, म्हणजे जुन्या बाजूला धक्का लागू नये. एका बाजूला नवा नमुना गेला, दुसरी बाजू जुन्यावरच. टेस्टिंगला बसलो आणि काय बघतो, तीन मिनिटांचे कॉल दीड मिनिटाचे दिसतायत. सगळे. बरोब्बर अर्धे. आणि मधूनच एखादा तीन मिनिटांचा कॉल नऊ तास सात मिनिटांचा!

रात्री दोन वाजता कागदावर बिट मांडले तेव्हा उलगडा झाला. पीईआरमध्ये ऐच्छिक क्षेत्र कितीही शेवटी टाका, 'ते आहे की नाही' हे सांगणारा बिट संदेशाच्या सुरुवातीला जातो. म्हणजे सगळी गाडी एका बिटाने पुढे सरकली. जुनी बाजू जुन्या जागी उभी राहून वाचतेय, तिला १८० चा शेवटचा बिट दिसतच नाही, ९० दिसतात. आणि नवं क्षेत्र भरलेलं असेल तर तो सुरुवातीचा बिट एक असतो, त्याचे ३२७६८ वाढतात. ३२७६८ अधिक ९०, सेकंद. करा भागाकार.

पंधरा डब्यांची गाडी येणार असताना बारा डब्यांच्या खुणेशी उभं राहावं, तसं.

उपाय? पहिल्याच दिवशी नमुन्यात तीन टिंबं टाकायला हवी होती. एएसएन.१ मध्ये तीन टिंबं म्हणजे 'पुढे इथे भर पडू शकते'. मग टिंबांनंतर आलेलं क्षेत्र आपली लांबी सांगत येतं, आणि जुनी बाजू तेवढं ओलांडून पुढे जाते. मूळ नमुना लिहिताना ती टिंबं कुणी विसरलं होतं? नमुन्यावर सही माझी होती.

---

गायमुख_ते_माजिवडा · रात्री ८:४१

धाग्यात पहिल्यांदाच सगळं कळलं. नऊ तास सात मिनिटं म्हणजे माझी बायको आणि तिची बहीण.

---

घंटाळी_गल्ली · रात्री ८:५५

वरच्या प्रतिसादाचा निषेध. माझ्या नवऱ्याचे आणि त्याच्या मित्रांचे कॉल मोजायला तर सोळा बिटही पुरणार नाहीत.

अवांतर : मामलेदारची मिसळ खायला शनिवारी किती वाजता गेलं तर रांग कमी असते?

---

व्यवस्थापक_मंडळ · रात्री ९:०२

मिसळीसाठी वेगळा धागा आहे (चारशे बारा प्रतिसाद). कृपया तिकडे.

---

कोलशेतची_पल्लवी · मंगळवार, सकाळी ८:३०

नवीन पासपोर्ट वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रातून केला. पुढच्या कव्हरवर खाली छोटी सोनेरी चिपची खूण आहे. ई-पासपोर्ट म्हणतात तो हाच का? यातही तेच का?

---

सानपाडा_पहारेकरी · सकाळी ९:४४

हाच. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली. चिपमध्ये तुमची माहिती आणि फोटो असे वेगवेगळे गट असतात. प्रत्येक गटाचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढून त्यावर सरकारची सही असते आणि ती सही ठेवलेली फाइल एएसएन.१ मध्ये असते. काका, पूर्ण गुण.

रात्रपाळी, एनएफसी असलेल्या फोनने ही चिप वाचता येते, पण फक्त स्वतःच्याच पासपोर्टवर दाखवा. वाचायची किल्ली पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांवरूनच बनते, पोरांच्या मोबाइल कॅमेऱ्यापुढे पान उघडू नका. आणि कुणीही स्वतःचं टोकन किंवा पीएफएक्स फाइल (तिच्यात खाजगी किल्लीही असते) 'ऑनलाइन डीकोडर'मध्ये टाकू नये.

---

नौपाड्याची_सीए · सकाळी १०:१२

मग माझं प्रमाणपत्र आतून कसं बघू? साइटशिवाय?

---

सानपाडा_पहारेकरी · सकाळी १०:२५

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, सर्टयुटिल, मग वजा चिन्ह लावून एएसएन, मग फाइलचं नाव. फक्त .सीईआर फाइल द्या, ती सार्वजनिकच असते. डावीकडे टॅग दिसतील : ३० सिक्वेन्स, ०६ वंशवृक्षातले क्रमांक, १७ वेळ.

वेळेत वर्षाचे दोनच आकडे असतात बरं. ५० पासूनचे १९०० वाले, ४९ पर्यंतचे २००० वाले. २०५० पासून चार आकडी लिहायचं असं आधीच ठरलंय.

---

नमुना_सातबारा · सकाळी १०:३३

२०५० मध्ये मी एकशे तीन वर्षांचा असेन. तेव्हा आठवण करा.

---

महापे_रात्रपाळी · शनिवार, संध्याकाळी ५:४०

आलो जाऊन. हिशोब देतो.

टेबलावर मांडलं होतं : सिम, कार्डाची पावती, बायकोचा नवा पासपोर्ट (बंद), एका ओळखीच्या सीएंकडून मागून आणलेलं मुदत संपलेलं टोकन. एमआयआयची जादू चालली, पंधरा मिनिटं पोरं आपापल्या आवडत्या साइटची प्रमाणपत्रं उघडत बसली. पण सगळ्यात जास्त हशा आणि सगळ्यात जास्त समज कशाला आली असेल, तर लोकलग्रस्तांच्या मेहुण्याला. पीईआर मला आयुष्यात इतक्या कमी शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

पामबीचचं २००२ आणि २००४ पण सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कुणीतरी शोधलंच असतं. मी म्हटलं दोष हाताने लिहिलेल्या वाचकांचा, आम्ही नमुन्यावरून कंपायलरने कोड काढतो. एक पोरगा लगेच, "सर, मग कंपायलर कुणी लिहिला?"

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं : तीन टिंबांनंतरचं क्षेत्र जुनं यंत्र ओलांडतं ते ठीक, पण तेच क्षेत्र महत्त्वाचं असेल तर? 'मला कळलं नाही' हे त्याने सांगायला नको का? एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी ज्युनिअरने विचारला नव्हता. मोबाइल नेटवर्कच्या आतल्या संदेशांत याची सोय आहे. प्रत्येक क्षेत्राबरोबर एक खूण जाते : न कळल्यास सगळंच नाकार, किंवा सोडून दे, किंवा सोडून दे पण कळव. फळ्यावर लिहिलं. तोवर घंटा.

'जेसॉन आहे ना'वाला मुलगा येणार होता, आला नाही. मॅच होती म्हणे.

---

पामबीच_पायलट · संध्याकाळी ६:०२

नाकार, सोड, कळव. हे मात्र आमच्या एपीआयमध्ये नाही. सोमवारी चोरतोय.

---

नौपाड्याची_सीए · रात्री ९:१८

आज निवांत बसून सर्टयुटिल चालवलं. माझं नाव सापडलं. २.१६.३५६.१०० पण सापडला. १७ च्या दोन ओळी आहेत, पहिली वेळ सुरुवातीची आणि दुसरी शेवटची, बरोबर ना?

दुसरीतले आकडे सुटे करून वाचले. वर्ष, महिना, दिवस.

येत्या गुरुवारी माझी स्वतःची सही संपतेय. क्लायंटांच्या तारखा भिंतीवर लावल्यात, माझीच नव्हती. पळते.